चौथ्या नंबरचा डबा

मंगळवार, ९ जुलै

प्रिय वहिनी,

नमस्कार. इतक्या दिवसांनी कशी आहेस असं विचारायचा हक्क उरलाय की नाही, माहीत नाही, पण विचारते. कशी आहेस? गुडघा काय म्हणतो? दिवसभर उभं राहायचं काम घेतलंस म्हणून आधी त्याचीच आठवण झाली.

आमचं ठीक. आईला ऐकू कमी येतं, पण स्वतःविषयी कुणी बोललेलं बरोब्बर ऐकू येतं. मी अजून लोकांना गाडी शिकवते. परवा एका दंतवैद्यबाईंनी आमची गाडी मागच्या मागे भाजीच्या दुकानात घातली. "म्हणजे बाईंना रिव्हर्स जमला," असं मी दुकानदाराला म्हटलं. त्याला हसू आलं नाही.

दंतवैद्यबाईंवर मी आणखी पानभर लिहू शकते, पण ती टाळाटाळ होईल. मुद्द्यावर येते.

तुला मासिक मिळालं असेलच. घरपोच येणाऱ्या जेवणाच्या डब्यांची चाचणी त्यात छापली आहे आणि तुझा डबा शेवटचा आलाय. त्या चाचणीत मी होते.

झालं असं, की मासिकाला वेगवेगळ्या तऱ्हेने स्वयंपाक करणारी माणसं हवी होती. संपादकबाई माझ्याकडे गाडी शिकून गेलेल्या, त्यांनी मला धरलं. मी 'घाईवाली'. एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्या 'हौशी'. आणि एक घड्याळजी, बायकोची बदली झाल्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा एकटे राहणारे, ते 'नवखे'. दर आठवड्याला प्रत्येकाच्या घरी एक खोका यायचा. आत चिरलेलं, मोजलेलं सामान आणि एक कार्ड. कार्ड वाचून आपण शिजवायचं, घरच्यांनी खायचं, गुण द्यायचे. कंपनीचं नाव कळू नये म्हणून खोक्यावर नुसता नंबर, आणि कार्डंही मासिकाने पुन्हा टाइप केलेली.

चौथ्या नंबरच्या डब्यात मसूर आणि लाल भोपळ्याचं सूप होतं.

कांदा परतायला घेतला आणि वासाने माझा हात थांबला. कांदा करपायच्या अगदी टोकाशी न्यायचा आणि ऐन वेळी भोपळ्याच्या पाण्याने त्याला गप्प करायचं, हे मी आयुष्यात एकाच बाईला करताना पाहिलंय. सूप तसंच पूर्ण केलं. वाटी आईपुढे ठेवली. तिने एक चमचा घेतला, थांबली. दुसरा घेतला. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "मीठ अजून हात आखडूनच घालते."

बस्स, एवढंच. दादा गेल्यावर तू घर सोडलंस, तेव्हापासून तिने तुझं नाव तर सोडच, तुला 'ती' म्हणूनही कधी संबोधलं नव्हतं. वाटी मात्र चाटूनपुसून संपवली.

आता जे लिहायचंय ते उभ्या उभ्या लिहून टाकते. दुसऱ्या दिवशी मी संपादकबाईंना फोन केला.

"हा डबा माझ्या वहिनीचा आहे," म्हटलं.

"नक्की?"

"माझ्या आईने ओळखला. ती चुकत नाही."

"मग तुमचे गुण काढून टाकावे लागतील. सगळ्यांत जास्त तुम्हीच दिले होते."

"काढा."

"आणि निकाल छापून येईपर्यंत त्यांना कळवायचं नाही."

मी कळवलं नाही. माझे गुण धरले असते तर तू मध्यावर असतीस. ते निघाले आणि तू तळाला गेलीस. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळावं असं मला वाटत नाही, म्हणून मीच सांगतेय. आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा हेच करेन. नणंदेच्या गुणांवर वर चढलेला डबा तूच उचलून बाहेर फेकला असतास.

आता ऐक. तुझ्या चवीला कुणीही नावं ठेवली नाहीत. तुला खाली ओढलं ते तुझ्या कार्डाने. 'कांदा होईपर्यंत परता,' असं तू लिहिलंस. घड्याळजींनी मला फोन केला, "अहो, काय होईपर्यंत?" केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने बसवणारा माणूस तो. कांद्याचं काहीतरी 'होईल' म्हणून भांड्यासमोर स्टूल टाकून बसला आणि शेवटी धूर पाहून शेजारी धावत आले. मुख्याध्यापिकाबाईंचं सूप उत्तम झालं, पण कार्डावर त्यांनी लाल पेनाने शेरा मारला: 'उत्तर बरोबर, रीत दाखवलेली नाही.' आणि निम्मे गुण कापले.

वहिनी, क्लच अंदाजाने सोडा असं मी कुणाला सांगितलं, तर माझ्या गाड्या रोजच भाजीच्या दुकानात जातील. जे आपल्या हातापायांत मुरलेलं असतं ते नवख्याला सांगणं हाच माझा धंदा. मला ते येतं. मी रविवारी तुझ्याकडे येते, आपण बसून कार्ड नव्याने लिहू. नाही म्हणू नकोस.

तुझी नणंद


सोमवार, २२ जुलै

प्रिय वहिनी,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, दटावणी. 'माझा निकाल लागलाय. आता घरचे परीक्षक नकोत. येऊ नकोस. त्या सुपाचं कार्ड मी एका बैठकीत लिहिलं, पुन्हा वाचलं नाही, वाचणारही नाही. तो पदार्थच बंद करतेय.'

मी आले नाही. तू नको म्हणालीस, त्याचा मान राखला. पण हातावर हात ठेवून बसायला काही सांगितलं नव्हतंस, म्हणून काम सुरू केलं.

काल घड्याळजींना घरी बोलावलं. मसूर, भोपळा, कांदा, लिंबू, सगळं आणून ओट्यावर मांडलं. मी पेन घेऊन शेजारी उभी राहिले. आईला खुर्चीत बसवून बजावलं, "अजिबात बोलायचं नाही. ह्यांना कुठे अडतंय ते मला बघायचंय." ती म्हणाली, "मला काय करायचंय बोलून!"

कांद्यापर्यंत तिने दम धरला. घड्याळजी आपले चष्म्यातून भांड्यात वाकून बघतायत आणि पाण्याचा पेला उचलतायत, तेवढ्यात आई खुर्चीतून कडाडली, "अहो, थांबा! अजून कच्चा आहे तो, डोळ्यांना झोंबतोय इथवर!"

घड्याळजी दचकले, पण माणूस गुणी. पेला खाली ठेवून म्हणाले, "मग कसं ओळखायचं, आजी?"

"झोंबायचं थांबलं की गोड वास येतो. तेव्हाही पाणी घालायचं नाही. कडा तपकिरी झाल्या, भांड्याच्या बुडाला चिकटायला लागला, तुम्हाला भीती वाटली, की घालायचं."

"भीती वाटली की," घड्याळजी म्हणाले. "हे समजलं."

मी भराभरा लिहून घेतलं. मग आई उठूनच आली. भोपळा चमच्याच्या पाठीने दाबला की आपोआप फुटला पाहिजे. मसुराचा दाणा बोटांत चिरडून बघायचा, मधे पांढरा ठिपका दिसता कामा नये. लिंबू भांडं खाली उतरवल्यावर, आधी नाही. तू त्या स्वयंपाकघरात होतीस तेव्हा ती तुझ्याकडे पाठ करून बसायची ना? सगळं बघत होती, वहिनी. एक गोष्ट सुटलेली नाही.

सूप झालं. घड्याळजींनी चाखलं आणि मला वाटलं हा गृहस्थ आता रडतो की काय. "हे मी केलं?" असं दोनदा विचारलं. उरलेलं डब्यात भरून घेऊन गेले.

ते गेल्यावर आई ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, "हेच द्यायची ना ती त्याला? शेवटी शेवटी?"

मी हो म्हटलं.

"माझ्या हातचं वाटीभर खाल्लं नाही त्याने. समोर धरलं की मान फिरवायचा. जन्म दिला मी, भरवलं मी, आणि जाताना तिच्या हातचं खाऊन गेला. आणि आता तेच तिने दुनियेला वाटायला काढलं."

मला आजवर वाटत होतं, तू घर सोडलंस, धंदा काढलास, म्हणून तिचा राग. मीच काय, सगळ्या नातेवाइकांनी हेच धरून ठेवलंय. तूही तेच धरलं असणार.

तिचं हे बोलणं तुला कळवावं का, यावर मी आज दिवसभर विचार केला. शिकाऊ लोकांवर उगाच ओरडले. पण शेवटी वाटलं, तुम्ही दोघी एकाच माणसासाठी झुरताय आणि मधे मी एकटी हे मनात ठेवून बसायचं. मला ते आता जमणार नाही.

कार्ड सोबत पाठवलंय. ते वापर किंवा चुलीत घाल. पण येत्या रविवारी दुपारी मी आईला घेऊन तुझ्याकडे येतेय, आणि ह्या वेळी तुझं 'नको' ऐकणार नाही. आई म्हणते, "मी जिना चढणार नाही. खाली गाडीतच बसेन." हे ती तुझ्यावर रुसून म्हणतेय की गुडघ्यांमुळे, हे मी विचारलेलं नाही. तू खाली यायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

तुझी हट्टी नणंद


गुरुवार, १ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

परवा फोनवर आपण फक्त कामाचंच बोललो. बाकीचं लिहूनच कळवते, फोनवर मला ते जमत नाही.

रविवारी तू जिना उतरून आलीस, मला म्हणालीस, "वर जा, सूप शेगडीवर आहे, त्याच्याकडे बघ," आणि गाडीचं दार उघडून आईशेजारी बसलीस. मी वर गेले. तुझ्या मदतनीस बाईंनी मला खिडकीपाशी उभं राहू दिलं नाही, खरंच सांगते, मी प्रयत्न केला. तुमचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. खाली आले तेव्हा तू डोळे पुसून हसत होतीस आणि आई तुला विचारत होती की एवढ्या मोठ्या भांड्यात मसूर खाली लागत नाही का.

परत येताना मोठ्या चौकाच्या अलीकडे आई आपणहून बोलली.

"तो माझ्या हातचं का खात नव्हता, ते तिने सांगितलं."

मी गाडी बाजूला घेतली.

"त्याला गिळता येत नव्हतं गं. दोन घास जायचे आणि बाकीचं टाकावं लागायचं. तो तिला म्हणाला होता, 'तुझ्यासमोर मला टाकता येतं. आईसमोर टाकलं तर तिला कळेल, मी आता खात नाही. तिला नको कळायला.' म्हणून मान फिरवायचा. आणि तिला शपथ घातली होती, आईला सांगू नकोस म्हणून. एवढी वर्षं पाळली तिने." मग म्हणाली, "माझ्या शिव्या खाल्ल्या, पण पाळली."

वहिनी, मी माझ्या आईला इतकं रडताना दादा गेला तेव्हाही पाहिलं नव्हतं. मीही स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. शेवटी तिनेच नाक पुसलं आणि मला दरडावलं, "चल आता. गाडी शिकवतेस ना लोकांना? कुठे उभी केलीस बघ, मागचे बोंबलतायत."

शपथ मोडल्याचं तुला वाईट वाटत असेल, म्हणून लिहिते. दादाला आईचं दुःख वाचवायचं होतं, आणि ती शपथच तिला सगळ्यांत जास्त दुखवत होती. तो असता तर त्यानेच तुला मोकळं केलं असतं.

आता कामाचं. संपादकबाई म्हणतात, छापलेला निकाल बदलता येणार नाही. बरोबरच आहे. गेलेली गिऱ्हाइकं लगेच परत येणार नाहीत, हेही तू म्हणालीस ते खरं. पण सूप बंद करणार नाहीस हे तू कबूल केलंयस, आणि मी ते विसरणारी बाई नाही. घड्याळजींची बायको सुट्टीवर आली होती. त्यांनी नवं कार्ड समोर ठेवून तिला सूप करून घातलं. ती म्हणाली, आता बदली रद्द करून घ्यायची घाई नाही. बाकीच्या पदार्थांची कार्डं मी दर रविवारी येऊन करणार आहे. आई बरोबर असेल. जिना हळूहळू चढेन म्हणते.

आमच्या घरात आता दादाचं नाव निघतं. जेवताना, भाजी निवडताना, कशावरूनही. आई काल त्याच्या लहानपणच्या खोड्या सांगत बसली होती आणि मला हसून हसून ठसका लागला. इतके दिवस आम्ही त्याला दुसऱ्यांदा गमावून बसलो होतो, असं वाटलं.

आईचा तुला आशीर्वाद. हे मी पत्राची रीत म्हणून लिहीत नाहीये. ती समोर बसली आहे आणि लिहिलं का, म्हणून विचारतेय.

तुझीच,
नणंद