बाबांच्या पानाजवळचा ग्लास

आई, आज भावाकडे पितरांचा म्हाळ होता आणि बाबांच्या पानाजवळ ठेवलेली दारू मी पिऊन टाकली. तू असतीस तर तोंडाला पदर लावून मागीलदारी निघून गेली असतीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः आजी झाले, तरी तुझी आठवण आली की आधी राग येतो, बाकीचं सगळं त्याच्या मागून. म्हणून लिहायला बसले. लिहिताना मध्येच कुणी "गप गो" म्हणत नाही.

गेलेल्या माणसाच्या पानाशी त्याच्या आवडीचं ठेवायचं, हे भाऊ तुझ्याकडूनच शिकला. तुझ्या पानावर तो घावने वाढतो, कारण दुसरं काय आवडायचं ते आम्हा दोघांनाही नीट माहीत नाही. बाबांचं मात्र सगळं पक्कं. विडी आणि ग्लास. यंदा भावाचा मुलगा बोटीवरून सुट्टीला आलाय, त्याने अमेरिकेची बर्बन आणली. मक्याची दारू, पण ओकच्या लाकडाची पिंपं आतून जाळून घेतात आणि त्यात ती वर्षानुवर्षं मुरत ठेवतात, असं तो कौतुकाने सांगत होता. पहिला ग्लास आजोबांचा म्हणून त्याने पानाशी ठेवला, मग बापाला आणि स्वतःला ओतली. मला म्हणाला, "आत्या, पिऊ नको, पण वास तर घे. नाक आत खुपसायचं नाही. तोंड जरासं उघडं ठेवायचं, म्हणजे नुसता झोंबत नाही, सगळा कळतो."

मला हे शिकवायची गरज नव्हती. मी त्याच्या ग्लासावरून एकदाच श्वास घेतला आणि सांगितलं, आधी धूर, पाणी मारून विझवलेल्या लाकडाचा. त्याच्या खाली करपायला आलेला गूळ. मग दालचिनी, आणि अगदी शेवटी नव्या कपाटाचं दार उघडल्यावर येतो तसा लाकडाचा वास. पोरगा खूश झाला. भाऊ हसत म्हणाला, "ताईचं नाक पहिल्यापासून तसलंच. बाबा दारात आले की लगेच आत येऊन सांगायची, आज काय घेतली हाय ती. आमची गंमत असायची ती."

गंमत. आई, ऐकलंस ना?

आठव त्या संध्याकाळी. बाबा बर्फाच्या फॅक्टरीतून येतात. तू चुलीपुढे, भाऊ तुझ्या मांडीला चिकटून. पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन मी पुढच्या दारी जाते, कारण तू सांगितलेलं असतं, "जवळ उभी रव्ह, वास घेऊन ये." मी वाकते, पाणी घालते, तोंड जरा उघडं ठेवून श्वास घेते. रम असली तर बाबा गाणार आणि भावाला खांद्यावर घेऊन नाचणार. काही नसलं तर जेवून झोपणार. मी आत येऊन "गावठी" म्हटलं की तू भावाला कडेवर उचलतेस आणि मागीलदाराने शेजारच्या काकींकडे जातेस. उंबऱ्यावर वळून म्हणतेस, "तू जेवाण वाढ त्यांना. तुला ते काय करायचे नाय."

तुझं खरं ठरलं. त्यांनी मला कधी हात लावला नाही. ताट भिंतीवर मारलं, कालवण माझ्या परकरावर सांडलं, तुला मिळाल्या असत्या त्या सगळ्या शिव्या मला ऐकवल्या. मग मी भिंत पुसायचे. एकदा मला सर्दी होती, वास कळला नाही आणि तू सापडलीस. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या ओठाने तू मला म्हणालीस, "येवढं एक काम सांगतंय मी तुला, तेपण व्हईना?" त्या ओठाची मला दया यायला हवी होती. आली नाही. आजही येत नाही.

तर गंमत हा शब्द ऐकला आणि मी बाबांच्या पानाजवळचा ग्लास उचलला. पान कावळ्यासाठी गच्चीवर न्यायचं होतं अजून. पहिल्या घोटाने घसा जळला. दुसरा मी पोराने सांगितल्यासारखा जिभेवर धरून ठेवला. धूर नाकातून वर आला, गोडवा हळूहळू उतरला आणि मागे लाकडाचा तुरटपणा राहिला, काजूचं बोंड खाल्ल्यावर घसा धरतो तसाच. छातीत ऊब पसरली. चांगली होती गं. याच गोष्टीची मला एवढी चीड आली. ज्या वासापायी मी भिंत पुसत राहिले, त्यात हे सुखही होतं आणि ते सगळं एकट्या बाबांनी घेतलं. तुझ्या-माझ्या वाट्याला नुसता वास.

"ताई, बाबांचा वाटा प्यायलीस?" भाऊ म्हणाला. रागावला नव्हता, घाबरला होता. पितर उपाशी गेले तर, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्याचे बाबा म्हणजे खांद्यावर घेऊन नाचणारा शौकीन माणूस. तो काकींकडे लाडू खात असायचा, त्याने दुसरे बाबा पाहिलेच नाहीत. आज सांगून टाकावं, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

नाही सांगितलं. बाटली घेतली, ग्लास पुन्हा भरला आणि माझ्या हाताने पानाशी ठेवला. भावाने डोळे मिटून हात जोडले. भावाची सून मागून हळूच म्हणाली, "किती जीव आहे आत्यांचा आजोबांवर." मी बाटलीला बूच लावलं.

ही गोष्ट फक्त तुला सांगते, आणि तुझ्यापर्यंत ती पोचणार नाही हे बरंच आहे. मी गप्प राहिले ती भावावरच्या मायेने नाही. सगळं सांगितलं असतं तर त्याने साधा प्रश्न विचारला असता, "मग आई तुला का नाही घेऊन गेली?" तुझी दुसरी कड तर रिकामीच होती, आई. त्याला काय उत्तर द्यायचं ते मला ठाऊक नाही, आणि जे मनात येतं ते तोंडाने बोलायची माझी हिंमत नाही.