वणव्यावरचं भाषण

मंगळवार, संध्याकाळ

आज वडूजच्या सभेत आमदारसाहेबांनी मी लिहिलेलं भाषण वाचलं. हवामानबदल, नवे प्रयोग, ड्रोनमुळे वणवा लगेच कळेल वगैरे. टाळ्याही पडल्या. मग पुढच्या रांगेतल्या, डोंगराखालच्या वस्तीतल्या तानूबाई उठल्या. हाताला बँडेज. "आवं साहेब, वणवा आमाला बी दिसला. इझवायला कोण आलं न्हाई. आमी बायकांनीच ओल्या फांद्यांनी झोडपला."

साहेब हसले. "काकू, आता तंत्रज्ञान येतंय!"

मी मान खाली घातली. ते बँडेज डोळ्यांपुढून जात नाही.

सभेनंतर तानूबाईंना गाठून विचारलं, काय हवंय? बँडेज बांधलेल्या हातानेच डोंगर दाखवत म्हणाल्या, "उन्हाळ्याआधी गवत कापून रुंद पट्टा मोकळा ठिवा. आग तितंच थांबती." एवढंच! मला का नाही सुचलं?

गाडीत साहेबांना सांगितलं. "त्यात नवीन काय? उद्याच्या फलटणच्या भाषणात ड्रोनच ठेवा."

नाही ठेवला. लिहिलंय, 'ड्रोन नंतर, आधी पट्टे काढू, हा माझा शब्द.' नोकरी जाईल? जाईलही. साहेब भाषण आधी कधीच वाचत नाहीत, थेट माइकसमोर वाचतात.