काळा बोळ

आई,

तो कडूजार काळा बोळ अजून मिळतो गं. गेल्या महिन्यात बाड्यामागच्या बाजारातल्या जडीबुटीवाल्या पंसाऱ्याकडून माझ्या बायकोने आणला, सहाणेवर उगाळला आणि आठ वर्षांच्या नातीच्या फ्रॉकच्या कॉलरला चोपडला. अंगावरचं दूध तोडायला तू आळीभर सांगायचीस, तोच उपाय. नात कॉलर चघळते. दुपारपर्यंत गळ्याशी ओलं, आंबूस फडकं लोंबत असतं. मलाही त्याची किळस यायची. त्या दिवशी तिने कॉलर तोंडात घेतली, "छी आजोबा, कितना कडवा आहे हे!" म्हणून थुंकली, आणि थोड्या वेळाने कोपऱ्यात बसून बोटांची पेरं रक्त येईस्तोवर चावू लागली. सहाणेवरचा तो काळा चिकट लेप मी पुसून टाकला. बायको म्हणाली, "सासूबाईंनी तुमचं कॉलर चघळणं असंच सोडवलं होतं की!" म्हटलं, "सुटला तो शर्ट. तेव्हापासून गालाचं आतलं कातडं चावतोय, ते आजतागायत."

अजून डोळ्यांसमोर आहे: मी तिसरीत आहे. स्वयंपाकघरात तू माझी कॉलर चिमटीत धरतेस. "गुरासारखा रवंथ करतोस, लाज नाही वाटत?" बोटाने बोळ लावतेस. शाळेत मी कविता म्हणायला उभा राहतो, सवयीने कॉलर ओठांत जाते, आणि माझी सगळ्यांत लाडकी कविता जिभेवर कडू होते. अजून तशीच आहे. तुझ्या जात्यावरच्या ओव्या, तुझा गूळपोळीचा हात, सगळं गोड आठवत बसतो मी. मध्येच ही चव वर येते, घाणेरडी.

सूनबाई पोरीला एका बाईंकडे नेते. अशा मुलांबरोबर काम करतात त्या. म्हणाल्या, हिच्या तोंडाला काम हवं असतं, ओरडू नका, चावण्याजोगं काहीतरी द्या. म्हणून आता अभ्यासाआधी गाजर, भाजलेले चणे, भाकरीचा कडक पापुद्रा. आणि गळ्यात चावायचा जाड रबरी लोलक. काल इथल्या मराठी मंडळात तिला कविता म्हणायची होती. बायको म्हणाली, "ते रबर काढ आधी. एवढी घोडी झालीस, लोग क्या कहेंगे!" पोर दारातच बसली. "मग मी नाही जाणार." सगळी कविता पाठ केलेली, नवा परकर नेसलेली, आणि डोळे भरलेले. मी म्हटलं, लोलकासकट जाईल.

पहिल्या रांगेतल्या एक काकू खिदळल्या, "अगं, हिला दात येतायत का?" पोर थांबली. लोलक दाताखाली धरला, सोडला, आणि पुढचं कडवं उचललं. आई, ती बरोबर यतीच्या, ओळीतल्या थांब्याच्या जागी चावते. एक मात्रा सांडली नाही. मी मात्र भर सभेत ओरडलो, "काकू, तोंड आवरा!" बायको अजून माझ्याशी बोलत नाही. बोळाचा उरलेला खडा मी गटारात टाकला.

हे तुला पाठवायला पत्ता नाही, हे बरंच आहे. मला तुझ्या त्या बोटाची किळस यायची, एवढं एकच वाक्य मी वर पुन्हापुन्हा लिहिलं आणि खोडलं.