शेवग्याखालची माती

करंजाडे, ६ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
प्राचीचा शि. सा. न. वि. वि.

तुझी मासळी पोचवून मिथुनदादा रिकामी पिशवी परत आणेल, तिच्यात हे पत्र सापडेल. माझा फोन हरेशने काढून घेतलाय. मी त्यावर आजाराचं वाचते आणि रडत बसते, म्हणून.

आजाराचं नाव टॉक्सोप्लाझ्मोसिस. डॉक्टरबाई म्हणाल्या, कितीतरी बायकांना तो कधीतरी होऊन गेलेला असतो आणि त्यांना पत्ताही नसतो. जुना असेल तर सहसा काळजी नसते. माझा जुना नाही गं. तिसऱ्या महिन्यात रक्तात नव्हता, आता पाचव्यात सापडला. बाळापर्यंत पोचला तर डोळ्यांना, मेंदूला धोका. गोळ्या सुरू केल्यात.

घरात मांजर आहे का, एवढं त्यांनी विचारलं आणि झालं! मनी त्याच संध्याकाळी खारघरला हरेशच्या मित्राकडे गेली. सहा वर्षं ती घराबाहेर पडली नाही, शिजवलेलंच खाते, पण ऐकतो कोण? आता बाल्कनीचं दार बंद, आणि कामावर जाताना हरेश बाहेरून कुलूप लावतो. काळजीनेच लावतो, पण जीव घुसमटतो.

तुझा लोभ बंद दारातूनही येऊ दे.
तुझी प्राची

गव्हाण, ९ फेब्रुवारी

चि. सौ. प्राचीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

मांजराला उराशी घेऊन झोपू नकोस म्हणून मी किती वेळा कानीकपाळी ओरडले? हरेशरावांनी बरं केलं. तुझे बाबा म्हणतात, पोरीला काय होत नाय, घाबरू नको म्हणावं. आणि स्वतः मात्र दोन दिवस नीट जेवले नाहीत.

मातीची डबी पुन्हा भरून पाठवते आहे. माझ्या डोहाळ्यांना तुझी आजी तव्यावर भाजून द्यायची. भाजलेलीला वास राहत नाही म्हणतेस, म्हणून नेहमीसारखी कच्चीच दिलीय, शेवग्याखालची. जवळा तिथेच सुकत घालते ना, त्या मासळीच्या वासाने गावची मांजरं तिथे नुसती लोळत असतात. खराटा घेऊन हाकलते. चिमूटभरच खा, आणि जावयांना कळू देऊ नकोस, हसतील.

बाळंतपणासाठी मागची खोली रंगवून ठेवली आहे. माया आहेच, वेगळी काय लिहू?
तुझी आई, हौसा

करंजाडे, १३ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न.

काल डॉक्टरबाईंनी सगळं पुन्हा विचारलं. अर्धवट शिजलेलं मटण खाल्लं का, न धुतलेली भाजी, आणि माती. मांजराच्या विष्ठेतून जंतू मातीत उतरतो आणि महिनोन्महिने तिथेच राहतो, म्हणाल्या. नीट भाजली तर मरतो. हरेश शेजारी बसला होता. मी नाही म्हणाले.

खरं सांगितलं तर तो माझं माहेर तोडेल. नाही सांगितलं तर त्या बिचाऱ्या मांजरावर खापर, आणि मी या कुलपाच्या आत, तुझ्या डबीबरोबर. दोन वेळा संडासात ओतायला गेले आणि परत आणली. काल झाकण उघडून वास घेतला. आई, मला खावीशी वाटते. मला माझीच भीती वाटते.

कच्चीचा हट्ट माझाच होता, तरी तुझा थोडा राग येतो. काय करू ते लवकर लिही.
प्राची

करंजाडे, १५ फेब्रुवारी

चि. प्राचीस,
आशीर्वाद.

हे पत्र पिशवीतून नाही, हरेशरावांच्या हातून येतं आहे. सकाळी त्यांच्या ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. माती माझी, न भाजण्याची चूक माझी. ते म्हणाले, बाळंतपण इथेच होईल, आणि तोवर तुम्ही वर यायचं नाही. मी हो म्हटलं. मात्र डॉक्टरबाईंना आजच खरं सांगा, कुलूप काढा आणि तिचा फोन तिला द्या, एवढं मागून घेतलं. पहिलं कबूल केलं. बाकीचं बघू म्हणाले.

माझ्या आईने भाजून दिली म्हणून तू धडधाकट जन्मलीस. मी पोरीचे लाड केले. राग धर, पण माझ्याशी बोलणं टाकू नकोस.

डबी त्यांच्याच हाती खाली पाठव. मी गेटपाशी उभी आहे. शब्द दिलाय, वर येणार नाही. तुला बाल्कनीत उभं राहू देतात का, तेवढं विचार.
आई