अफवेचा बंदोबस्त

२९ जुलै १९७८
विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला अन् जिल्हा पेटला. एसट्या फोडल्या, रस्ते बंद. तहसीलदारसाहेब म्हणाले, व्यंकटराव, मानवत भागातल्या अफवा तुमच्याकडे. एवढे अधिकारी असताना मला! शेतकी खात्यात राहून शेतकऱ्यांना युरिया समजावला, तिथं अफवा काय चीज आहे? संकल्प : पहाटे उठणे. चहा बंद.

३० जुलै
नऊला उठलो. जबाबदारीच्या माणसाला झोप हवीच. हॉटेलात चहा घ्यावा लागला (चौकशीसाठी). तिथेच पहिली अफवा सापडली : बौद्धवाड्यातल्यांनी म्हणे कुठल्याशा विहिरीत एंड्रिन ओतले, ते फवारणीचे विष. कुठली विहीर? कोणालाच माहीत नाही. साफ खोटे. माझी योजना : अफवेच्या आधी आपण गावात पोहोचायचे. दवंडी पिटवायची.

३१ जुलै
कुंभारखेडला गेलो. तिथला कोतवाल मुंजाजी, राहतो बौद्धवाड्यातच. त्याला मजकूर सांगितला, की विहिरीत एंड्रिन टाकल्याची अफवा खोटी आहे. तो हलगी घेऊन नुसता उभा. म्हणाला, "साहेब, हितं ही गोष्ट कुणाला ठावंच न्हाई. म्या कशाला सांगू? त्यापरीस वस्तीवर दोन पोलीस ठिवा. घरी बायको, लेकरं हायेत." पोलीस दिसले की लोक बिथरतात, हे त्याला प्रेमाने समजावले. ऐकेना, तेव्हा नोकरीची आठवण करून दिली. दवंडी उत्तम झाली.

१ ऑगस्ट
प्रचंड प्रतिसाद. अख्खे गाव पारावर. बायका विहिरीवरून रिकाम्या घागरी घेऊन परतल्या. माणिकराव हे गावातले वजनदार गृहस्थ. म्हणतात, "भात्तरच्या दुस्काळात सरकार म्हणलं, धान्याची टंचाई न्हाई. तवा भाकर दिसंना झाली. आता म्हणायलंय, हिरीत इख न्हाई. म्हंजी हायच!" काय हे अडाणी डोके! उपाय एकच, पुन्हा दवंडी. या खेपेला विहीर कोणती, म्हणजे गावचीच, तेही सांगायला लावले, म्हणजे संशय नको.

२ ऑगस्ट
दुपारी बौद्धवाडा पेटवला. आधी मुंजाजीला धरले. खोटी दवंडी देतोस म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्याने दोन्ही हात मोडले. मग दारांना बाहेरून कड्या घालून रॉकेल ओतले. त्याच्या बायकोने, कडूबाईने, कूड फोडून लेकरं बाहेर ढकलली. ती स्वतः निघेपर्यंत छप्पर खाली आले. अंगभर भाजली, परभणीच्या दवाखान्यात नेली.
नक्कीच बाहेरगावचे लोक असणार. माझ्या भागातले गाव असे नाही.

३ ऑगस्ट
अहवाल पाठवला. 'वेळीच दवंडी दिल्याने हानी मर्यादित राहिली.' वाक्य चांगले जमले आहे.

४ ऑगस्ट
साहेब खूश. नवा हुकूम : कुंभारखेडच्या जाळपोळीत बाई मेली अशी अफवा पसरते आहे, ती खोटी असल्याची दवंडी आजच द्या. खात्री करायला परभणीच्या दवाखान्यात गेलो. मुंजाजी व्हरांड्यात बसलेला, दोन्ही हात प्लास्टरमध्ये. कडूबाई सकाळीच गेली होती. लेकरांना अजून सांगितलेले नव्हते.
मला लाज वाटली, पण हुकूम सांगणे भाग होते. सांगितला. वाटले, अंगावर धावून येईल. तो म्हणाला, "द्या साहेब, दवंडी द्या. सरकार न्हाई म्हणलं, की मंग तरी लोकायला पटंल, माझी कडू मेली म्हणून."