'तिसरा खण'वर दोनशे शब्द

११ जानेवारी

परीक्षणासाठी तीन पुस्तकांचं पाकीट आलं. लहानांसाठी हत्तीचं, किशोरांसाठी एक कादंबरी, मोठ्यांसाठी घटस्फोटानंतर डोंगर चढणाऱ्या बाईचं आत्मकथन. हत्तीनं डोकं उठवलं. पहिल्या पानापासून शहाणपण शिकवत सुटलाय. लिहून टाकलं — 'पाच वर्षांच्या मुलांना हत्ती आवडेल, त्याचं बोलणं नाही.'

संपादकबाईंचं पालुपद ठरलेलं — "जरा सौम्य लिहा हो, दुकानदार घाबरतात." घाबरू देत. आमच्या पाक्षिकात लिहिण्याचं सुख ते हेच. दोनशे शब्द, खाली नाव नाही, आणि त्यावरून दुकानं नि वाचनालयं किती प्रती मागवायच्या ते ठरवतात.

१२ जानेवारी

डोंगरवाली बाई संपवली. ती शिखरावर पोचायच्या आधीच मी दमले.

१४ जानेवारी

किशोरांची कादंबरी घेतली. 'तिसरा खण'. लेखिका नवी, नाव कधी ऐकलेलं नाही. अकरा वर्षांची मुलगी गोष्ट सांगते. चाळीस पानं एका बैठकीत वाचली! वाक्यं नेमकी, उगाच रडारड नाही. पेन्सिलीनं समासात बरोबरच्या खुणा करत गेले. किती महिन्यांनी!

१५ जानेवारी

पान एकसष्ट. मुलीचे बाबा घर सोडून गेलेत. ते तिला पत्रं पाठवतात. आई ती शिलाई मशीनच्या तिसऱ्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली लपवते. आणि मुलीला सांगते, "त्यांना तुझी आठवण येत नसेल, त्याला मी काय करू?"

हे वाक्य माझं आहे. माझ्या स्वयंपाकघरात, कणीक मळता मळता मी म्हटलेलं.

पुढे ती मुलगी काय करते? आई कामावर गेली की पत्रं वाचते, आणि होती तशी बांधून ठेवते.

उठले, मशीनचा खण उघडला. कित्येक वर्षं त्याला हात लावला नव्हता. जाळायची हिंमत झाली नाही आणि द्यायचीही नाही, म्हणून तिथेच राहिलेली. सतरा पत्रं, पांढरा दोरा. गाठ माझी नाही. उलट्या हाताची आहे. लेक डावखुरी.

म्हणजे तिला तेव्हापासून सगळं माहीत होतं. माझ्याकडून वेणी घालून घेत होती, माझ्यासमोर बसून जेवत होती, आणि माहीत होतं. मला एका शब्दानं बोलली नाही. आणि आता टोपणनाव घेऊन जगाला सांगत सुटलीये! पोटच्या पोरीनं केसानं गळा कापला.

१६ जानेवारी

लेकीचा फोन, नेहमीसारखा.

"काय करतेस आई?"

"वाचतेय."

"काय वाचतेस?"

"हत्तीचं पुस्तक आहे एक."

"आणखी काही नाही आलं?"

"नाही."

"बरं," म्हणाली. "गुडघ्याला तेल लावतेस ना?"

केवढी साळसूद! हिला अक्षरं मी गिरवायला लावली. पुस्तक लिहिलंय एवढं आईला सांगायला तोंड उघडत नाही. फोन ठेवला आणि रडले. रागानंच रडले.

१८ जानेवारी

प्रत्येक पाकिटात एक छापील चिठ्ठी असते. लेखक ओळखीचा असेल तर काही न लिहिता प्रत परत पाठवावी, कारण एका ओळीत कळवावं. इतक्या वर्षांत दोनदाच पाठवली. एकदा माझ्या दंतवैद्यांनी कविता केल्या तेव्हा, एकदा भाचेजावयांनी प्रवासवर्णन लिहिलं तेव्हा.

आता काय कारण लिहू? 'यातली आई मी आहे'?

मी ती पत्रं का लपवली, हे कुणी विचारणार आहे का? तिचा बाप दर पत्रात तिला लिहायचा — माझ्याकडे राहायला ये. ती गेली असती. मी भ्याले. तीन वर्षं भीतभीतच काढली. पुढे त्याचीच पत्रं थांबली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. चिठ्ठीवर तर मुळीच लिहिणार नाही.

२० जानेवारी

पाठवून दिलं. नियम गेला खड्ड्यात.

'भाषा स्वच्छ, मुलीचा आवाज खरा. मात्र कथेचा कणाच ठिसूळ आहे. पोटच्या मुलीची पत्रं वर्षानुवर्षं लपवणारी आई पटत नाही. कोणतीही आई असं करणार नाही. लेखिकेनं आई जवळून पाहिलेली दिसत नाही. मोठ्या वाचनालयांनी एखादी प्रत ठेवायला हरकत नाही.'

खोटं कशाला लिहू? पाकीट चिकटवताना फार बरं वाटलं.

५ फेब्रुवारी

अंक आला. एक शब्दही बदललेला नाही.

९ फेब्रुवारी

लेकीचा फोन नाही.

१६ फेब्रुवारी

आजही नाही. दुपारी मीच केला. वाजत राहिला. पुन्हा केला. उचलला नाही.

रागवायचा हक्क माझा, आणि रुसून बसलीये ती! मी लिहिलंय हे हिला कसं कळणार? खाली नाव नसतं. आणि कळलं तरी काय बिघडलं? हिनं मला विचारून लिहिलं होतं?

तरी तिसऱ्यांदा केला.

१७ फेब्रुवारी

नवं पाकीट निघालंय हे सांगायला संपादकबाईंचा फोन. सहज विचारल्यासारखं विचारलं — 'तिसरा खण' माझ्याकडेच कसं आलं?

"अहो, तीही एक गंमतच," म्हणाल्या. "त्या लेखिकेचं पत्र आलं होतं. तुमचं नाव लिहून — ही माझी आई आहे, पुस्तक तिच्याकडेच पाठवा. परत पाठवायचा नियमसुद्धा ठाऊक होता तिला. म्हणे, आई परत पाठवेल आणि कारण म्हणून एक ओळ लिहील, ती ओळ तेवढी मला कळवा. मी दुसरा परीक्षक तयार ठेवला होता. पण तुम्ही काही परत पाठवलं नाहीत. कुणीतरी थट्टा केली म्हणायची! मग तिला कळवून टाकलं, की त्या बाई तुम्हाला ओळखत नाहीत."