मोहाडी ते जालना, स्वतःच्या गाडीने

४ जानेवारी, रविवार

जालन्याहून कुसुमताईचा फोन. डिंपलचं जमलं. साखरपुडा ८ फेब्रुवारीला, तिकडेच. माझी एकच बहीण, तिची एकच मुलगी, तिला मामा एकच. आमच्याकडे साखरपुड्याची साडी मामाच्या हातून मिळते. आंधळगावच्या विणकराला आजच करवतकाठी कोशाची साडी विणायला सांगितली. आपल्या दुकानातली तयार साडी देणार नाही.

संध्याकाळी घरात जाहीर केलं. सगळे भाड्याच्या बोलेरोने जातील. मी मोटारसायकलने. साडीही माझ्यासोबत. पाचशे किलोमीटर, एका दिवसात.

रंजिता म्हणाली, "दुकानातून घरी येता तं कंबर धरून बसता जी."

हे बायकोचं मत आहे, डॉक्टरचं नाही. लाँग राइड ऐंशी टक्के मनात असते, असं व्हिडिओत सांगितलंय. उरलेले वीस टक्के कशात असतात ते कळायच्या आधी नेट गेलं.

९ जानेवारी

ट्रेनिंग सुरू. आधी शरीराला सीटची सवय लावायची. अंगणात गाडी डबल स्टँडवर लावली, हेल्मेट घातलं, तासभर बसलो. खांदे सैल, मान सैल, नजर लांब.

बाबा म्हणतात मी घोरत होतो. हेल्मेटमध्ये हवा फिरते, तिचा आवाज तसा येतो. बाबांना समजावलं. ते म्हणाले, "हवा तं बंद होती."

रोज एक तास. नागा नाही.

१३ जानेवारी

नागा झाला. चार दिवस. स्नायूंना रिकव्हरी लागते.

१४ जानेवारी, संक्रांत

सामान आलं. सीटवरची हवेची गादी, कमरेचा पट्टा, पाठीवर अडकवायची पाण्याची पिशवी. पिशवीला नळी असते, ती तोंडाजवळ येते, म्हणजे गाडी न थांबवता पाणी पिता येतं.

गादी पूर्ण फुगवली की माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. अर्धी हवा काढली की मी डावीकडे कलतो. डावीकडे कलायची सवय करून घेईन.

नळी लावून दुकानात बसून पाहिलं. साडी बघायला आलेल्या बाईंनी रंजिताला हळूच विचारलं, भाऊंची तब्येत बरी नाही का.

१८ जानेवारी, रविवार

ट्रायल राइड. मोहाडी ते नाकाडोंगरी, तुमसरवरून. जाताना अप्रतिम. जंगल लागलं, थंड हवा, मन एकदम मोकळं. नाकाडोंगरीला चहाच्या टपरीवर उतरलो. उतरलो म्हणजे एक पाय उतरला. दुसरा टपरीवाल्याने उतरवला.

परत येताना मुद्दाम एसटीने आलो. नवीन रूटवर पहिल्याच दिवशी गाडीवर लोड देऊ नये. गाडी टपरीमागे ठेवली. उद्या चौकातला जागेश्वर मेकॅनिक जाऊन आणेल.

निष्कर्ष: गाडी उत्तम आहे. कंबर उद्यापर्यंत कळेल.

२५ जानेवारी

मूळ सापडलं. झोप भातामुळे येते. दुपारी भात, की डोळे जड. ८ फेब्रुवारीपर्यंत भात पूर्ण बंद. रंजिताला सांगितलं, फक्त पोळी.

२६ जानेवारी

बाबा म्हणाले, "नवीन तांदूळ आला, चाखून तं पाय." चाखला. चाखताना पहिल्या वाढीत नीट कळत नाही. दुपारी दुकानात थोडं डोळे मिटून बसलो, ते झेंडावंदनाला लवकर उठल्यामुळे.

जागेश्वरकडे एक युक्ती मिळाली. झोप आली की डोळ्यांखाली डोकेदुखीचा बाम लावायचा. त्याचा ट्रकवाला मेहुणा लावतो. बाम घेतला.

१ फेब्रुवारी, रविवार

साडी आली. काय विणली आहे. रंजिता उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "साडी मी नेतो बोलेरोत. तुमी या मागून, कसेबी या."

नाही म्हटलं. मामाची साडी मामासोबत.

संध्याकाळी कुसुमताईशी बोलणं झालं. तिला ही राइड समजावून सांगत होतो. ती मधेच म्हणाली, "बाबू, पोराकडचे लोक वेळेचे पक्के आहेत. तू फकत टायमावर येजो." मी म्हटलं, ताई, मी आदल्या दिवशी संध्याकाळीच दारात उभा असेन.

७ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ

भंडारा. चहा. निघालो. थोडा उशीर झाला, कमरेचा पट्टा उलटा बसला होता. बोलेरो मागून निघेल, पण मी पुढे असेन.

अंगावर थंडी, पाठीमागे उजाडतंय. आपण हे आधीच करायला हवं होतं, असं वाटलं.

त्याच दिवशी, जेवायच्या वेळेला

नागपूरला वळसा घालून समृद्धी महामार्गाच्या गेटवर पोचलो. गेटवरचा माणूस म्हणाला, काका, दुचाकी चालत नाही इथं. मला वाटलं आज काही कारणाने. तो म्हणाला, कधीच नाही.

महिनाभर ह्या रस्त्याचा प्लॅन केला. कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नव्हतं, पण सांगायला हवं होतं.

मागे वळवताना बाजूने आमची बोलेरो आत गेली. बाबांनी खिडकीतून हात केला.

दुपार

वर्धा मागे पडलं. आता खरी राइड. दर तासाला थांबून हातपाय ताणायचे हा नियम पाळतोय. दर तासाचं दर अर्ध्या तासावर आलंय. ढाब्यावर थाळी घेतली. थाळीत भात होता. ताटात अन्न टाकू नये.

लवंग चघळली. मोठ्याने गाणी म्हटली, हेल्मेटची काच धुरकट झाली. बाम लावला. पुढचं गाव येईपर्यंत दोन्ही डोळ्यांतून धार. टोपलं घेऊन उभ्या असलेल्या बाईने विचारलं, घरचं कोणी गेलं का भाऊ.

संध्याकाळ

कारंजा. लॉजवर मुक्काम. पोचायचं होतं आज, पण ताणून जाणं म्हणजे बेजबाबदारपणा. रंजिताचा फोन आला. ते केव्हाच पोचले. तिला सांगितलं, मी एकदम फ्रेश आहे, पहाटे निघतो. तिने लॉजचं नाव विचारून घेतलं. मग म्हणाली, "मी गाडी पाठवू का तुमाले घ्यायले?"

नको म्हटलं.

८ फेब्रुवारी, रविवार

हे संध्याकाळी लिहितोय.

पहाटे जाग आली नाही. आली तेव्हा ऊन खोलीत आलं होतं. वाकता येईना. लॉजवाल्याने बूट घालून दिले, लेस बांधल्या. त्याला थँक्यू म्हणायचं राहिलं.

साखरपुडा साडेअकराचा. गाडी दामटली. कुठेच थांबलो नाही. थांबायला वेळ नव्हता आणि उतरायची भीती होती. ऊन चढलं. रस्ता सरळ. डोळे एकदा मिटून उघडले. मग पुन्हा.

पुढचं आठवत नाही. आवाज आठवतो, सुकी झाडं तुटल्यासारखा. डोळे उघडले तेव्हा मी हरबऱ्याच्या वावरात पडलो होतो आणि गाडी पुढे आडवी पडून चाक फिरत होतं. रस्ता वर, बराच मागे. त्याच वेळी वरून एक ट्रक गेला. मी ज्या बाजूला झोपेत गेलो ती डावी होती. उजवी असती तर, एवढंच डोक्यात येत होतं.

मेहकरच्या अलीकडचं वावर. मालक मधुकरराव आणि त्यांच्या घरच्या बाई धावत आले. लागलं नव्हतं फार, कोपर आणि गुडघा. साडी बघितली. तिला काही झालं नव्हतं. मी गाडी उचलायला गेलो. मधुकररावांनी माझ्या हातून चावी काढून घेतली आणि खिशात घातली. मी मागितलीही नाही.

फोन वाजत होता. रंजिता. मी म्हटलं, पंक्चर झालंय. मधुकररावांनी माझ्या हातातून फोन घेतला. "ताई, पंक्चर नाई. ह्यांले झोप लागली व्हती. गाडी आमच्या हरबऱ्यात हाय. मानूस बरा हाय. तुमी या."

मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून राहिलो. बाई पाण्याचा तांब्या देऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या, मी पितो की नाही ते बघत.

बोलेरो यायला दुपार उलटली. रंजिता उतरली. रागावली नाही. दुकानात नवीन साडी उलटसुलट करून डाग बघते, तसं तिने माझे हात उलटे केले, सुलटे केले, कोपर पाहिलं, मान वळवून पाहिली. मग मधुकररावांच्या मोडलेल्या झाडांकडे बघून म्हणाली, "तुमच्या पिकाचं नुकसान झालं भाऊ." ते म्हणाले, पीक येते पुन्हा.

गाडीत बसल्यावर तिला म्हटलं, झालं असेल ना सगळं. ती म्हणाली, "नाई झालं. डिंपल म्हणाली, मामा आल्याबिगर मी पाटावर बसत नाई."

पन्नास-साठ माणसं सकाळपासून बसली होती. मुलाकडच्यांचं जेवण खोळंबलं होतं. कुसुमताई दारात होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिने माझ्या शर्टावरचा हरबऱ्याचा पाला झटकला आणि म्हणाली, "चाल, हातपाय धू."

साडी दिली. मला वाकता येत नव्हतं, म्हणून डिंपल पाटावरून उठून उभी राहिली. साडी हातात घेतली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे सुजले होते. मी म्हटलं, रस्ता खराब होता गं.

का म्हटलं तसं, कळत नाही.

११ फेब्रुवारी

दुकान उघडलं. लोक विचारतात. एकाला पंक्चर सांगितलं, दुसऱ्याला समोर म्हैस आली म्हणून सांगितलं. रंजिता पलीकडे साड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. तिने एकदाही दुरुस्त केलं नाही. तिसऱ्या माणसाला मी म्हैस सांगितली नाही. झोप लागली, एवढंच म्हटलं. तो बरं म्हणाला आणि धोतरजोडी दाखवा म्हणाला.

१३ फेब्रुवारी

जागेश्वर टेम्पो घेऊन गेला आणि मोटारसायकल घेऊन आला. दोराने चारी बाजूंनी बांधलेली. म्हणाला, फार काही नाही, हँडल वाकलंय, करून देतो. मी म्हटलं, घाई नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

डिंपलचा फोन. लग्न मे महिन्यात ठरलं. माझ्याशी बोलली, हसली, कोपर कसं आहे विचारलं. मग म्हणाली, "मामा, मामीले द्या." मी दिला. पलीकडचं ऐकू येत नव्हतं. रंजिता हो हो करत होती.

फोन ठेवल्यावर विचारलं, काय म्हणत होती. रंजिता म्हणाली, "लग्नाले चार दिवस आंधी या म्हणते. अन् मामाले तुमी घेऊन या म्हणते."

म्हाताऱ्या माणसांना घेऊन येतात. लहान मुलांना घेऊन येतात. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. हे बोलणार होतो. बाबा तिथेच बसले होते, त्यांनी पेपर थोडा खाली केला आणि पुन्हा वर घेतला.

थोड्या वेळाने रंजिताने विचारलं, "बसचं रिझर्वेशन करून ठेवतो. खिडकीजवळ बसान का?"

बसतो म्हटलं.